शोकेस वाळायला महिना लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. त्याच्या वर्षभर आधी लंडनहून उसनवारीवर आलेली वाघनखे पाहायला साताऱ्याच्या संग्रहालयात लोक लोटले होते. साहजिकच आता लहान लहान संग्रहालयांनाही शस्त्रे आणि मोडी कागद यांची प्रदर्शने भरवायची आहेत आणि त्यासाठी १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह सगळ्यांना सोयीचा वाटतो. हौस चांगलीच आहे. अडचण एवढीच की तारीख पाहुण्यांच्या सवडीने ठरते आणि सुताराला बोलावणे दिवाळीच्या तोंडावर जाते.

नवे प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या), डिंक आणि ताजा तेलरंग कित्येक आठवडे आम्लाच्या वाफा सोडत असतात. उघड्या कपाटात त्या उडून जातात, पण काच लावून बंद केलेल्या शोकेसमध्ये कोंडून राहतात. पहिला घाला पडतो शिशावर. बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या अशा शोकेसमध्ये ठेवल्या की काही आठवड्यांत त्यांच्यावर पिठासारखी पांढरी भुकटी दिसू लागते. कर्मचारी ती धूळ समजून फडक्याने पुसतात आणि पुन्हा पुन्हा पुसतात. ती धूळ नसते, गोळीचेच शिसे झिजत असते, शिवाय ती विषारी असल्याने उघड्या हाताने पुसणे धोक्याचे. शंख-शिंपल्यांचेही असेच होते. म्हणून रंगाचा शेवटचा हात दिल्यावर शोकेसची दारे निदान चार आठवडे सताड उघडी ठेवावीत. वारसा सप्ताह गाठायचा तर सुतार-रंगाऱ्याचे काम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपलेच पाहिजे. आतल्या फळीवर पॉलिस्टर फिल्म पसरून वर दोनदा धुतलेले, न रंगवलेले सुती कापड घालावे. लाल मखमलीचा सरकारी मोह आवरता आला तर फार बरे. फेल्ट आणि लोकर तर नकोतच, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

लोखंडाला ४० टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रता मानवते. कागद, कापड आणि लाकूड यांना साधारण ४५ ते ६० टक्के लागते आणि ६५ च्या वर गेले की बुरशीचा धोका सुरू होतो. धोप (सरळ पात्याची तलवार), पट्टा, कट्यार आणि दफ्तरातले कागद एकाच शोकेसमध्ये मांडले की कुणाचे तरी नुकसान ठरलेलेच. तलवार म्यानातही ठेवू नये. म्यानाचे चामडे आणि लाकूड ओल धरतात, म्हणून म्यान शेजारी वेगळे मांडावे. शस्त्रांच्या शोकेसमध्ये सिलिका जेल घालतात, पण किती घालायचे याचा हिशेब कुणी करत नाही. घनमीटरला २० किलो असा ढोबळ नियम आहे. एक मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच शोकेसला जवळपास पाच किलो लागते. औषधाच्या बाटलीतल्या पुड्या जमवून हे भागत नाही. नारिंगी दाणे हिरवे झाले की १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून पुन्हा वापरता येतात.

मध्येच खंडेनवमी येते. त्या दिवशी संग्रहातल्या तलवारींनाही हळद-कुंकू लागते, कुठे वरून खोबरेल तेलाचा हात फिरतो. कुंकवाखाली ओल धरते. तेलावर धूळ बसते, ते खवट होते आणि पात्याला चिकटून राहते. पूजा जरूर व्हावी, पण ती एखाद्या नव्या प्रतिकृतीची. मूळ पात्याला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरतो आणि हाताळताना नायट्राइलचे हातमोजे. उघड्या बोटांच्या घामातले क्षार पात्यावर राहतात आणि कालांतराने ठशाच्याच आकाराचा गंज उमटतो. सुती मोज्यातून मूठ निसटते. पितळ-तांब्याला चिंच-मीठ लावून चकाकी आणायचा उद्योगही नको, कारण मिठातला क्लोराइड धातूत मुरून पुढे हिरवी भुकटी फुलवतो.

दालनात एसी बसवला म्हणजे काम झाले, हा आणखी एक गैरसमज. सकाळी दहाला सुरू आणि सहाला बंद असा एसी नसलेलाच बरा. रोजच्या चढउताराने लाकूड आकसते-फुगते आणि चित्रांचे रंग पोपडे धरतात. चोवीस तास चालवायची ऐपत नसेल तर पंखे, बंद शोकेस आणि एक साधा आर्द्रतामापक यांवर भिस्त ठेवावी.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. कागद आणि कापडाला ५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचे माप). आठ तासांच्या हिशेबाने आठवड्याला २,८०० लक्स-तास होतात. दुकानातल्यासारखा स्पॉटलाइट ५०० लक्स टाकत असेल तर एका आठवड्यात दहा आठवड्यांची झीज होते आणि ती भरून येत नाही. मोडी कागदांवरची काजळीची शाई उजेडाने सहसा विटत नाही, पण कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. तीच शाई ओल्या बोटाने मात्र पसरते. दफ्तरातले महत्त्वाचे पत्र दाखवायचे तर चांगली छायाप्रत मांडावी. मूळच ठेवायचे असेल तर ते उतरत्या फळीवर, चार कोपऱ्यांना पॉलिस्टरच्या खोबणी करून ठेवावे. टाचणी, सेलोटेप आणि लॅमिनेशन, तिन्ही वर्ज्य.

लोकरी घोंगडी किंवा जुना अंगरखा कसरीच्या (लोकर खाणाऱ्या किडीच्या) संशयाने येत असेल तर तो पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नये, नाहीतर दव कापडावरच धरते. उद्घाटनाची समई आणि हार-तुरे अंगणातच राहू द्यावेत, काजळी आणि किडे दोन्ही आत येतात.

लेबलांवर फार लिहीत नाही. वस्तूचे नाव आधी, मजकूर साठ-सत्तर शब्दांत, अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. ‘प्राचीन तलवार’ असे लिहिण्यापेक्षा कुठून आली, कुणी दिली आणि मूठ कोणत्या घडणीची ते लिहावे.

नोंदवही मात्र या सगळ्याच्या आधी. बांधीव, पाने क्रमांकित आणि शाईने लिहिलेली. कापडाला क्रमांकाची फीत टाके घालून शिवावी, कागदाच्या मागे मऊ पेन्सिलने लिहावे. धातूवर थेट पेन चालवू नये, आधी पॅरालॉइड या पारदर्शक, पुन्हा काढता येणाऱ्या राळेचा थर, त्यावर क्रमांक आणि वर पुन्हा थर. शोकेसमध्ये जाण्याआधी प्रत्येक वस्तूचे चारी बाजूंनी फोटो आणि जुन्या चिरा-डागांची टिपण हवी, नाहीतर वस्तू परत करताना भांडण ठरलेले.

प्रदर्शन पाहून गावकरी घरातल्या वस्तू घेऊन येतात. घ्याव्यात, पण पावती आणि दात्याची सही घेऊन. शेतात सापडलेली जुनी नाणी कुणी आणली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार सापडलेला ठेवा १० रुपयांहून अधिक मोलाचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. प्रदर्शनाच्या दारापाशी त्यासाठी एक टेबल, एक माणूस आणि उघडी नोंदवही ठेवावी, आणि तो माणूस हार-तुऱ्यांच्या कामाला लावू नये.

आपला,
एक निवृत्त अभिरक्षक, सातारा