पुठ्ठा भिजू देऊ नका

मा. संपादक,

गणेश चवथीच्या तोंडावर गोव्यातल्या आपल्या फोंड्याच्या बाजारात फ्रीज-टीव्हीची मोठमोठी खोकी दुकानांबाहेर पावसात भिजत पडतात. भिजलेला पुठ्ठा भंगारवालाही घेत नाही. शाळेत कार्यानुभव शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून हे पाहून जीव तुटतो. अशा एकेका खोक्यातून बसायचं एक भक्कम स्टूल होतं.

पन्हळी पुठ्ठ्याचं सगळं बळ त्याच्या आतल्या नळ्यांत असतं. नळ्या उभ्या राहिल्या तर मोठ्या माणसाचंही वजन पेलतात, आडव्या ठेवल्या की चेपतात. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना निम्म्या उंचीपर्यंत खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवल्या की चौकड्यांची जाळी होते. वर-खाली पुठ्ठ्याचे दोन-तीन थर आणि त्यावर खळीत भिजवलेले वर्तमानपत्राचे कपटे. एक थर खडखडीत वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, नाहीतर आत बुरशी धरते. बुरशी-कीड लागू नये म्हणून पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी, मुलांच्या हाती नकोच. माझ्या सासूबाई लगद्याच्या टोपल्या करताना भिजवलेल्या मेथ्या वाटून घालायच्या. लगदा चिकट व्हायचा आणि कडूपणामुळे टोपलीला कीड लागत नसे. शेवटी वॉर्निशचे दोन हात आणि बुडाला जुन्या चपलांच्या रबराचे पाय. पावसाळ्यात आपल्याकडे फरशीला घाम सुटतो, म्हणून हे पाय हवेतच.

कागदाचं फर्निचर म्हटलं की लोक हसतात. जपानचे वास्तुविशारद शिगेरू बान यांनी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर बेघरांसाठी कागदी नळ्यांची घरं उभारली, २००१ च्या भूकंपानंतर आपल्या भुजमध्येही. २०१४ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. कापडाचे तागे गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या जाड नळ्या आपल्याकडे दुकानामागे पडून असतात. त्यांचे मुलांच्या टेबलाला छान पाय होतात.

माझी मागणी साधी आहे. नगरपालिका आणि पंचायतींनी पुठ्ठा व कागद पावसाळ्यात ओल्या कचऱ्याच्या गाडीत न घालता वेगळा उचलावा, छपराखाली ठेवावा आणि शाळांना व महिला बचत गटांना फुकट द्यावा. करण्याचं काम पाऊस सरल्यावर, दिवाळीनंतर ते मेपर्यंत. पावसात थर वाळतच नाहीत. अंगणवाडीतल्या पोरांसाठी बुटकी स्टुलं आठवी-नववीची मुलं सहज करतील. बचत गटांना पणजीच्या लोकोत्सवात या वस्तूंसाठी जागा मिळावी, म्हणजे त्यांच्या मेहनतीचे चार पैसे हाती पडतील.

आमच्या भागातल्या कुठल्याही शाळेत किंवा गटात हे शिकवायला मी विनामोबदला येईन. मला फक्त सुका पुठ्ठा आणि एक कोरडी खोली मिळावी.

आपली,
एक निवृत्त कार्यानुभव शिक्षिका, फोंडा