‘बे’ या एका अक्षरासाठी ३० दिवसांची बंदी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(आणि तुमच्या वर कोणी असतील, तर तेही)

विषय : तुमच्या ऑनलाइन गेममधल्या ‘पिवळी मारबत’ क्लॅनच्या (आमच्या संघाच्या) कॅप्टनचं, म्हणजे माझं, खातं ३० दिवस बंद केल्याबद्दल, आणि त्याच ३० दिवसांचे ₹३९९ कापून घेतल्याबद्दल

कॅप्टनचं खातं बंद झालं की क्लॅन वॉर लावता येत नाही आणि दोन वॉर चुकले की क्लॅन एक लीग खाली घसरतो, हे तुम्हाला समजावत बसत नाही. गेम तुमचाच आहे. एका माणसाला दिलेली शिक्षा आमचे तेवीस जण भोगून राहिले, एवढंच लक्षात घ्या. त्यात कळमन्यात संत्र्याचा अडत्या आहे, मेडिकल हॉस्पिटलमध्ये नाइट ड्युटी करणारी सिस्टर आहे, हिंगण्याच्या कॉलेजची चार पोरं आहेत. २०२० च्या लॉकडाऊनपासून आम्ही एकत्र खेळतो.

आधी जुनं सांगतो, कारण खोड जुनीच आहे. क्लॅनचं नाव नोंदवलं तेव्हा तुमच्या फिल्टरने ‘मारबत’मधला ‘मार’ पकडला. स्क्रीनवर आमचं नाव ‘पिवळी *बत’ असं दिसायचं. ज्या गेममध्ये माणूस मारल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही, त्या गेमला ‘मार’ हा शब्द हिंसक वाटला! तान्ह्या पोळ्याला नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे निघतात, इतवारीत दोघींची भेट होते, मग गावाबाहेर नेऊन जाळतात, हे सगळं मी फोटोंसह लिहून पाठवलं. पाच आठवड्यांनी नाव सुटलं. भाचा इंजिनीअर आहे, तो म्हणाला, मामा, हे नवं नाही. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एका अमेरिकन कंपनीत खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात चार अक्षरांची शिवी निघाली. म्हणजे ही चूक जगाला तेव्हापासून माहीत आहे. तुम्हाला सोडून.

आता बंदीचं. १२ तारखेला रात्री ११:०५ ला वॉर संपलं, आम्ही जिंकलो. ११:२० ला माझं खातं बंद. कारण : ‘वारंवार अपमानास्पद भाषा’. बंदी घालणारा तुमचा कम्युनिटी मॉडरेटर पंधरा मिनिटांपूर्वी कोणत्या क्लॅनकडून हरला होता, ते त्याच्या प्रोफाइलवर कोणीही पाहू शकतं. मी आरोप करत नाही. मी घड्याळ दाखवतोय. तुमच्या पहिल्या उत्तरात होतं की मॉडरेटर हे स्वयंसेवक असतात, कंपनीचे कर्मचारी नसतात. मग बंदीच्या पत्रावर लोगो कुणाचा आहे? काठी तुम्ही द्यायची, आणि डोकं फुटलं की म्हणायचं, मारणारा आमचा नाही.

मॉडरेटरचं काम सोपं नाही, हे मला मान्य आहे. फुकटात रात्र-रात्र जागतात आणि लोक त्यांना आईबहिणीवरून बोलतात. मागच्या वर्षी आमच्याच दोन पोरांनी एका मॉडरेटरला घाण मेसेज टाकले, तेव्हा त्यांना मीच क्लॅनबाहेर काढलं आणि स्क्रीनशॉट तुम्हाला मीच पाठवले. तेव्हा ‘जबाबदार खेळाडू’ म्हणून तुम्ही मला एक सोनेरी बॅज दिला होता. तो अजून प्रोफाइलवर चमकतोय, बंद खात्यावर.

तक्रारीची चार तिकिटं टाकली, चारही वेळा उत्तर शब्दाला शब्द तेच. एका फोनवर तर मला सांगितलं की सरकारच्या नव्या कायद्यामुळे हे झालंय. २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा मी वाचला. बंदी पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. आमच्या गेममध्ये कोणी चार आणेही लावत नाही. पैसे फक्त तुम्ही घेता.

आणि मग गुरुवारचा फोन. हा नीट वाचा, कारण पत्र त्याच्यासाठीच लिहितोय.

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. नागपूरचा मे महिना, म्हणजे कूलरच्या मोटरींचा ढीग आणि काउंटरवर घामाघूम गिऱ्हाइकं. तुमचा फोन आला तेव्हा मी कॉइलचे फेरे मोजत होतो. ‘एक मिनिट होल्ड करते सर’ म्हणून बावीस मिनिटं तीच धून ऐकवली. फेऱ्यांची मोजणी चुकली. मोजणी चुकली की अख्खी तार उलगडून पहिल्यापासून गुंडाळावी लागते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. मग बाई लाइनवर आल्या. मराठी बोलत होत्या, शुद्ध. मला आधी बरंच वाटलं.

“सर, तुमच्या चॅटमध्ये एक आक्षेपार्ह शब्द ४७ वेळा आढळला आहे.”

“कोणता?”

“तो मी कॉलवर उच्चारू शकत नाही, सर.”

“पहिलं अक्षर तरी सांगा.”

“ब.”

“आणि दुसरं?”

थोडा वेळ शांतता. मग, “दुसरं अक्षर नाहीये, सर.”

“बे?”

“सर, कृपया कॉलवर भाषा जपा.”

मी हसलो, ही माझी चूक. ‘ग्राहक सहकार्य करत नाही’ अशी नोंद तेव्हाच झाली असावी. तरी मी समजावलं. म्हटलं, मॅडम, मी ‘काऊन बे, झोपला का? मागं पाय बे’ असं लिहिलं ते माझ्या साळ्याला. वीस वर्षांचा दोस्त आहे, नातं नंतरचं. ‘काऊन’ म्हणजे का, ‘पाय’ म्हणजे पाहा. नागपुरात ‘बे’ जवळच्या माणसालाच म्हणतात. सासऱ्यांना मी म्हणत नाही. म्हटलं तर तीस दिवसांची नाही, जन्माची बंदी येईल. ज्याला म्हटलं, त्याने तक्रार केली का? नाही. तो तर उलट ‘आलो बे’ लिहितो. त्याच्यावर बंदी काऊन नाही मग?

त्यावर बाई म्हणाल्या, “सर, आमच्या मराठी भाषा पथकाने तपासलंय. नागपूरमध्ये असं चालत असेल. आमच्या प्लॅटफॉर्मवर सभ्य मराठी अपेक्षित आहे.”

‘नागपूरमध्ये असं चालत असेल.’

हे वाक्य मी पुन्हा लिहितोय, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये शोधायला सोपं जाईल. अहो, माझ्या आजीने माझ्या वडिलांना आयुष्यभर ‘काऊन बे’ म्हणतच जेवायला बोलावलं. ती असभ्य होती का? तुमच्या पथकात विदर्भातला एक तरी माणूस आहे का? मी हे विचारलं. उत्तर : “मी तुम्हाला आणखी काही मदत करू शकते का?” आणखी! फोन ठेवल्यावर मेसेज आला, आमच्या सेवेला एक ते पाच तारे द्या. शून्याची सोय नाही.

बंदी चालू असतानाच ५ तारखेला महिन्याच्या वर्गणीचे ₹३९९ कापले, तेही सांगतो. ऑटोपेचा आगाऊ मेसेज मात्र चोवीस तास आधी, न चुकता आला. वेळेचं भान तुम्हाला आहे तर! बंद खात्याचं भाडं घेणारी तुमची पहिलीच कंपनी पाहिली.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल ७ दिवसांत द्यायचा असतो. मला पोच सहाव्या दिवशी मिळाली, तीही इंग्रजीत. आता हे पत्र तक्रार म्हणून नोंदवा. बंदी उठवा, घसरलेली लीग परत द्या, ₹३९९ परत करा, आणि ‘बे’ तुमच्या यादीतून काढा, लेखी कळवून. नाहीतर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाईन. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन लावेन. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे दावा मी राहतो तिथेच टाकता येतो, पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. तुमचे वकील मे महिन्यात नागपूरला आले तर दुपारी बाराच्या आधी निघायला सांगा.

आणि पोळ्यापर्यंत हे मिटलं नाही, तर आमच्या तेवीस जणांनी ठरवलंय की यंदा मारबतीच्या मिरवणुकीत एक बडग्या, म्हणजे पुतळा, तुमच्या सपोर्टचा काढायचा. गळ्यात हेडफोन, हातात एक तारा. ‘घेऊन जाय गे मारबत’ म्हणायला गर्दी आपोआप जमते. त्यात ‘मार’ येतो, तेवढं सांभाळून घ्या.

खरं सांगू, राग कमी आणि वाईट जास्त वाटून राहिलं. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं, तेव्हा तुमच्या गेमनेच आम्हा लोकांना एकमेकांशी बोलतं ठेवलं होतं. तेव्हाही आम्ही असेच बोलत होतो. कोणी मोजत नव्हतं.

कॅप्टन, पिवळी मारबत
नागपूर

ता. क. : हे लिहितानाच तुमचा मेसेज आला. ‘आम्हाला तुमची आठवण येते! परत या आणि ५० नाणी मिळवा.’ लॉग-इन करून पाहिलं. खातं बंदच आहे.