हेराल्डची बॉडी चासीवरून उतरवून देणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

वडिलांची 1964 सालची स्टँडर्ड हेराल्ड गेल्या आठवड्यात पुन्हा आपल्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसली आणि तिची दोन्ही दारे हलक्या हाताने बंद झाली, त्या दिवशी तुमच्याशी नीट बोलता आले नाही. शेडमध्ये माणसे होती आणि माझा गळा भरून आला होता. म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते उघडपणे लिहितो, कारण जुनी गाडी जपणाऱ्या मुंबईकरांना तुमचे काम कळावे असे मनापासून वाटते.

तुमच्याकडे येण्यापूर्वी एका गॅरेजमध्ये गाडीची दोनदा डागडुजी झाली होती. हेराल्डच्या चासीला मध्यभागी दोन लांब दांड्या असतात आणि त्यांपासून दोन्ही बाजूंना निघालेल्या हातांवर बॉडी टेकते. ते हात गंजले होते. त्या गॅरेजने त्यांच्यावर खालूनच पत्र्याचे ठिगळ लावले आणि दारांखालच्या पट्ट्या, ज्या मुळात बोल्टवर असतात, त्या वेल्डिंगने कायमच्या जोडून टाकल्या. आत पाणी साचत राहिले आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने उरलेले काम केले. तुम्ही गाडीखाली झोपून चासीच्या एका हातावर पेचकस टोचलात, तो थेट आत गेला, आणि तुम्ही म्हणालात, “बॉडी उतरवल्याशिवाय हे दुखणे दिसणार नाही.”

मला भीती वाटली होती, हे कबूल करतो. तुमच्या कुर्ल्यातच बनलेली पद्मिनी किंवा आपली ॲम्बॅसिडर यांना अशी वेगळी चासी नसते, त्यामुळे गाडीचे दोन भाग होणे म्हणजे गाडी मोडणे, असेच मी समजत होतो. हेराल्डची गोष्ट वेगळी आहे हे तुम्ही समजावलेत. इंग्लंडमध्ये ट्रायम्फने 1959 साली ही गाडी आणली, त्याआधीच त्यांना बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात गेला होता. म्हणून बॉडीचे भाग निरनिराळ्या ठिकाणी बनवून चासीवर बोल्टने जोडायचे, असा मार्ग त्यांनी काढला, आणि मद्रासला 1961 पासून बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डनेही तीच रचना घेतली. जी बोल्टने जोडली ती बोल्टने सुटेल, हे तुमचे साधे वाक्य ऐकून मी होकार दिला.

त्यानंतरचे तुमचे काम मी जवळून पाहिले. पेट्रोलची टाकी आधी निघाली, कारण पुढे गंजलेल्या बोल्टांना गॅसची आच द्यावी लागणार होती. स्टिअरिंगचा दांडा, ब्रेक आणि क्लचच्या नळ्या, हँडब्रेक, चोक आणि स्पीडोमीटरच्या केबली, वायरिंगचे जोड, असे एकेक सोडवत तुम्ही प्रत्येकाला कापडाची चिठ्ठी बांधलीत. दारे काढल्यावर बॉडी मधल्या जोडावर वाकू नये म्हणून दोन्ही दारांच्या चौकटींत लोखंडी आडण्या बसवल्यात. मात्र मला सर्वांत मोलाचे वाटले ते पॅकिंगचे काम. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये प्रत्येक बोल्टपाशी असलेले पातळ पत्रे कुठे एक, कुठे तीन असे होते. ते तुम्ही त्या त्या जागेचा आकडा घालून वेगवेगळ्या तारांत ओवून ठेवलेत, कारण दाराभोवतीची फट कारखान्याने त्यांवरच जुळवलेली असते. ज्यांचे असे पत्रे भंगारात जातात त्या गाड्यांची दारे पुढे आयुष्यभर घासत राहतात.

उतरवण्याच्या रविवारी तुमच्या गल्लीतील गणेशोत्सव मंडळाची आठ मुले आली. तीन कोपरे उचलले गेले आणि मागचा डावा कोपरा हलेना. मी घाईने पहार आणायला धावलो. तुम्ही सर्वांना बॉडी खाली टेकवायला सांगितलीत आणि डिकीच्या तळाचे जुने डांबर खरवडत बसलात. अर्ध्या तासाने त्याखाली एक बोल्ट सापडला. पहार लावली असती तर तो पत्रा फाटलाच असता, आणि तो मीच फाडला असता. त्या अर्ध्या तासाबद्दल मी तुमचा सर्वाधिक ऋणी आहे.

भंगारातून दुसरी अख्खी चासी आणण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तुम्ही तो मानला नाहीत. पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीसाठी 2021 साली केंद्राने केलेल्या नियमांत चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल नसावा अशी अट आहे, हे मी नंतर वाचले; तुम्ही तर “नंबर हिचा आहे, चासीही हिचीच राहील” एवढेच म्हणालात. मूळच्याच जाडीच्या पत्र्याचे नवे हात घडवलेत आणि प्रत्येक वेल्डिंगआधी व नंतर चासीचे दोन्ही कर्ण मोजलेत.

चासी सरळ झाल्यामुळे मागच्या डाव्या बाजूचे दोन पत्रे आता उरले आहेत. बॉडीखालच्या नव्या रबरी बैठका दबल्या की ते लागू शकतील, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायला या, असे तुम्ही सांगितले आहे. त्या दोघांची तार शेडमधल्या खिळ्यावर तशीच राहू द्यावी, मी गाडी घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
हेराल्डवाला, दादर