चाकरमान्यांनो, गणपतीला येताय तर एक रत्नागिरी फेरी तुमच्या नावावर घ्या

नमस्कार मंडळी, आपल्या ग्रामविकास मंडळातर्फे राजापूर तालुक्यातल्या आपल्या सगळ्या वाड्यांना आणि मुंबईकरांना ही विनंती: मानसिक आजाराच्या पेशंटना रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात न्यायला मदत हवी आहे.

आपल्याकडे मानसिक आजाराचे पेशंट आहेत हे सगळ्यांना माहितीये पण बोलत कोणी नाही. एका घरी गेलो होतो, आईने मुलाच्या गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात खाली दाबून ठेवलेली, कोणी विचारलंच तर शुगरच्या गोळ्या म्हणून सांगते. मुलगा मुंबईत नोकरीला होता, आजारी पडला, नोकरी गेली, गावी आला तर लोक म्हणाले बाहेरचं आहे. गाऱ्हाणं घाला, अंगारा लावा, त्याला आमचा अजिबात विरोध नाही, पण त्यासाठी गोळी बंद करू नका हो! बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की आजार परत उलटतो, आणि मग लोक म्हणतात बघा हा सुधारणारच नाही.

औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर गरिबाकडे दारिद्र्यरेषेचं कार्ड नसलं तरी सरकारी ठिकाणी मोफत उपचार आहेत. अडतं ते पोचण्यात. रत्नागिरीला पहाटेच्या एसटीने जायचं, सोबत घरचं एक माणूस पाहिजेच, म्हणजे दोघांचं भाडं, खाणं आणि त्या माणसाचा बुडालेला रोज. बायकांना अर्धं तिकीट झालंय तेवढाच आधार. ज्याच्या दारात गाडी आहे तो गुपचूप खाजगी डॉक्टर गाठतो, मोलमजुरी करणाऱ्याची तारीख आंब्याच्या सीझनला चुकते ती चुकतेच. आणि आजारी सून असेल तर तिला सरळ माहेरी आणून सोडतात, तिथे म्हातारे आईबाप, तिला नेणार कोण?

म्हणून दर महिन्याच्या फेऱ्यांसाठी पैसे हवेत, बुडालेल्या रोजासकट. ज्यांची गाडी आहे त्यांनी महिन्यातून एक दिवस दिला तरी खूप झालं. अपंगत्वाच्या दाखल्याचा ऑनलाइन फॉर्म भरून देणारी एक-दोन पोरं पण पाहिजेत, मानसिक आजारालाही तो दाखला मिळतो हे बऱ्याच घरांना माहीतच नाही.

कोणाच्या घरासाठी ते विचारू नका, आम्ही सांगणार नाही. आणि तुमच्याच घरात कोणी असेल तर आम्हाला सांगायलाच हवं असं नाही, १४४१६ ला फोन लावा, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलता येतं.

पैसे खजिनदारांकडे द्या, पावती मिळेल. गणपतीत आरतीनंतर आम्ही देवळाच्या पारावर वही घेऊन बसतोय, गाडीवाल्यांनी आपली तारीख तिथेच लिहून द्या.