झाकूला झाकूच राहू दे

प्रिय मंदार,

तुझी मेल मिळाली. म्हणजे तुमच्या रोबोंच्या मारामारीच्या गेममध्ये जपानी ॲनिमेतली मंडळी आणायची बोलणी खरोखरच सुरू झाली तर! अभिनंदन रे, पार्टी उधार. पण शेवटी तू हळूच विचारलंस ना, "आमच्याच रोबोच्या सांगाड्यावर त्यांच्या हिरोचा पत्रा चढवला तर भागेल का?" नाही भागणार. का ते लिहितो. इथे तोक्योत हेच काम करून करून माझी मतं जरा कडक झालीत, सांभाळून घे.

पहिला घोळ मापाचा होणार. ॲनिमेतले गाजलेले रोबोच घे: माझिंगर झेड १८ मीटर, पहिला गंडामही १८ मीटर, आणि कॉम्बॅटलर व्ही ५७ मीटर, वजन ५५० टन. (हे आकडे त्या मालिकेच्या गाण्यातच आहेत, त्यामुळे इथल्या जुन्या लोकांना ते तोंडपाठ असतात.) बॅनप्रेस्टो कंपनीने १९९१ मध्ये गेम बॉयवर वेगवेगळ्या मालिकांतले रोबो एकत्र आणणारा पहिला सुपर रोबोट वॉर्स काढला, तेव्हा सगळ्यांना मोठ्या डोक्याचं आणि आखूड हातापायांचं केलं आणि प्रश्न मिटवला. पायलटसुद्धा गाळले, रोबोच एकमेकांशी बोलतात! पण तो पाळीपाळीने चाली करायचा गेम. तुमच्याकडे दोघे समोरासमोर उभे राहणार, तिथे लपवालपवी चालत नाही. उंची तुम्ही जवळपास सारखीच कराल, करावीच लागेल. मग वजन दाखवायचं ते फटक्यात. जड रोबोचा ठोसा बसला की दोघांनाही आठ-दहा फ्रेम जागच्या जागी थिजव. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे जेमतेम १७ मिलिसेकंद, तरी तेवढ्यात अंगठ्याला भार कळतो. एक मात्र करू नका: जड आहे म्हणून सुरुवात सुस्त ठेवू नका. बटण दाबलं की खांदा लगेच हलला पाहिजे. वेळ खायचा तर तो हात मागे आवरताना खा.

आता मुख्य मुद्दा. तू लिहिलंस की सगळे रोबो तुल्यबळ व्हावेत म्हणून तुम्ही आकडे घासताय. मला हे पटत नाही. गंडामच्या चाहत्याला साधा झाकू, म्हणजे त्या मालिकेतला शत्रूपक्षाचा सामान्य शिपाई रोबो, गंडामच्या तोडीचा झालेला नकोच असतो. एक्स्ट्रीम व्हर्सस हा गंडामचाच लढाईचा गेम २०१० मध्ये गेम सेंटरमध्ये आला, त्यात यावर फार सुंदर तोड आहे. सामना दोघांविरुद्ध दोघांचा. प्रत्येक जोडीच्या खात्यात ६००० गुण, आणि प्रत्येक यंत्राची किंमत ठरलेली. ३००० वालं यंत्र पडलं की खात्यातून ३००० गेले, दोनदा पडलं की खेळ खल्लास. स्वस्तातलं यंत्र घेणारा जास्त वेळा मरू शकतो. मालिकेत कोण भारी आणि कोण हलका हे सगळं तसंच राहिलं आणि सामनाही चुरशीचा झाला. पात्राचा स्वभाव असा गेमच्या नियमात उतरला पाहिजे. नुसत्या रंगरूपात उतरवलात तर चाहते पहिल्याच आठवड्यात ओळखतील आणि सोलून काढतील.

मॉडेलबद्दल थोडंच लिहितो, कारण तुमचा मॉडेलर हुशार आहे. कागदावरचा रोबो लबाड असतो. कमरेखालच्या त्या चिलखती पट्ट्या चित्रात गुडघा वर आला की गुपचूप बाजूला होतात. थ्रीडीत मांडी त्यांच्यातून आरपार जाते. मॉडेलच्या सांगाड्यात प्रत्येक पट्टीला वेगळं हाड द्या, आणि लाथेच्या प्रत्येक पोझमध्ये ती हाताने बसवा. आर्क सिस्टिम वर्क्स कंपनीने २०१४ च्या गिल्टी गिअर झर्ड या मारामारीच्या गेममध्ये मधल्या फ्रेम कॉम्प्युटरला भरूच दिल्या नाहीत, एकेक पोझ हाताने लावून धरून ठेवली. म्हणून ते थ्रीडी असून हाताने काढल्यासारखं दिसतं. मेहनत भयंकर आहे, पण हक्क सांभाळणारी मंडळी नेमकं तिथेच बोट ठेवतात. आमच्याकडे एकदा मुठीचा अंगठा कुठल्या बाजूने मिटतो एवढ्यावरून अख्खी हालचाल परत आली होती. मंजुरी किती दिवसांत मिळणार हे करारात लिहून घ्या. आणि मॉडेलला हात लावण्याआधी काय बदलता येणार नाही याची यादी मागा.

तुमच्या गेमच्या सर्वांत जवळचं उदाहरण सेगाचं आहे. त्यांच्या व्हर्चुअल-ऑन या रोबोंच्या लढाईच्या गेममधली यंत्रं हाजिमे कातोकींनी रेखाटलेली, आणि चालवायला दोन दांडे. दोन्ही बाहेर फाकवले की उडी, एक पुढे एक मागे केला की जागच्या जागी वळण. दोन्ही हातांनी यंत्र ओढत असल्यासारखं वाटतं. इथल्या ताकादानोबाबा भागातल्या मिकादो गेम सेंटरमध्ये अजून लोक खेळतात, आलास की नेईन. याच गेमची पुढे 'अ सर्टन मॅजिकल इंडेक्स' या कादंबरीमालिकेशी सोयरीक जुळली. आधी २०१६ मध्ये मूळ लेखक काझुमा कामाची यांनीच दोन्ही जगं एकत्र आणणारी कादंबरी लिहिली, आणि मग फेब्रुवारी २०१८ मध्ये पीएस४ व व्हिटावर गेम आला. त्या कादंबऱ्यांचा नायक तोमा व्हर्चुअल-ऑनच्या टेमजिन रोबोमध्ये का बसलाय, याचं कारण आधी तयार होतं. तुमच्याकडे असं कारण आहे का? तुझ्या मेलमध्ये तरी मला दिसलं नाही.

त्या गेमसाठी दोन दांड्यांचा कंट्रोलर कोणी काढला माहीत आहे? तानिताने! हो, तीच वजनकाटेवाली. पहिल्या खेपेला लोकवर्गणी पुरेशी जमली नाही. मग बटणं-जॉयस्टिकवाल्या सानवाला सोबत घेऊन पुन्हा मागितली आणि जमली. चाहत्यांना यंत्र नुसतं बघायचं नव्हतं, हातात हवं होतं. तुमचा गेम पॅडवरच खेळला जाणार, म्हणून सांगतो: आलेल्या हिरोला तुमच्या बाकीच्या रोबोंचीच बटणं देऊ नका. निदान एक गोष्ट तरी फक्त त्याच्याच हाताला लागू दे.

पुढचं बिल्ड तयार झालं की पाठव, अगदी राखाडी ठोकळे असले तरी चालतील. मला फक्त चाल आणि ठोसा बघायचाय. आणि ती यादी मिळाली की तीही पाठव, जपानीत असेल तर मी वाचून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
निखिल