शनिवारच्या तंबू-मुक्कामाबद्दल सूचना

मंडळी, या वेळी खिंडसी तलावाच्या अगदी काठावरची जागा नको. मागच्या खेपेला आपलं अडीच वर्षांचं एक पिल्लू पहाटे तंबूची चेन उघडून थेट पाण्याकडे निघालं होतं, आठवतं ना? रामटेककडचं ओळखीचं शेत बघू. मालकाची परवानगी, जवळ हँडपंप आणि गाडी तंबूपर्यंत जाईल असा रस्ता. एकांत हवाच, पण रात्री लेकराला ताप आला तर निघता यायला हवं. पेंचच्या जंगलात आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही. डिसेंबरात पहाटे पारा १० अंशांखालीही उतरतो. कानटोप्या आणि खाली अंथरायला जाड सतरंजी आणाच. शेत माहीत असेल त्यांनी गुरुवारपर्यंत कळवा. सकाळचे तर्री-पोहे माझ्याकडे (लेकरांचे बिनतर्रीचे).