मिस्त्रीमामा, त्या गुण्यासाठी मनापासून आभार

टिंबर मार्केटजवळच्या शेडमधल्या मिस्त्रीमामांना,

सप्रेम नमस्कार.

आमच्या मंगळवार पेठेतल्या पोरांचा पहिला पाट तयार झाला. फरशीवर ठेवला की नीट टेकतो, डुगडुगत नाही. तुमच्याकडं येण्याआधी या पोरांना काय काय मिळालं तेही सांगतो, कारण राग अजून गेलेला नाही. एका दुकानदारानं हत्यारांची अख्खी पेटी गळ्यात मारली, पण कुठली करवत कशाला ते सांगितलं नाही. एका वखारीत ओलं लाकूड ‘वाळलेलंच हाय’ म्हणून दिलं. करवत त्यात जागोजागी अडकायची. आणि एकानं तर “पोरीबाळींचं काम न्हवं हे, रेडिमेड घ्या” म्हणून वाटेला लावलं.

तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते एवढंच: “गुण्या द्या बघू हिकडं.” गुण्या म्हणजे काटकोन आखायचं आणि तपासायचं सुतारी हत्यार.

फळीची एक कड डोळ्यासमोर धरून ती सरळ असल्याची खात्री केलीत. तिला गुण्या लावून पेन्सिलीनं रेघ मारलीत. मग गुण्या पालथा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ. कडेशी दोन्ही रेघा एकत्र, वर मात्र फाकलेल्या. पेटीतल्या नव्याकोऱ्या गुण्यात 20 सेंमीला 1 मिमीची चूक होती. पालथा केला की ती दुप्पट होऊन 2 मिमी दिसते, म्हणून ती लगेच पकडता येते. अशा गुण्यानं 30 सेंमी रुंद पाटाचं टोक दीड मिलिमीटर तिरकं जातं. पाटाला ते एक वेळ चालेल. पण पुढं चार फळ्यांचा खोका जोडायला घेतला की सांध्यांत फटी पडतात, आणि नवशिक्याला वाटतं आपल्या हातालाच वळण नाही. कित्येक जण तिथंच करवत खाली ठेवतात.

आणि मग तुम्ही तुमचा स्वतःचा, शिसवी मुठीचा, वापरून वापरून पट्टी गुळगुळीत झालेला गुण्या आमच्यातल्या एका पोरीच्या हातात दिलात. “ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ. खोका झाला की घिऊन ये.” बस्स. हसला नाहीत, नव्या पेटीला नावं ठेवली नाहीत. रोजच्या कामातलं हत्यार मिस्त्री सहसा दुसऱ्याला हात लावू देत नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच यातला मोठेपणा कळेल.

बाकीचं जे सांगितलंत ते इथं मुद्दाम लिहितो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. फळी 45 बाय 30 सेंमी, 20 मिमी जाड. खाली 25 मिमी जाडीच्या दोन आडव्या पट्ट्या, 8 नंबरचे दीड इंची स्क्रू खालून. पट्टीला फेव्हिकॉल अजिबात नको. आपल्याकडच्या पावसात फळी रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एवढ्या रुंदीला दोन-तीन मिलिमीटर सहज. पट्टी लांबीला जवळपास हलतच नाही. दोन्ही चिकटवून टाकले तर एप्रिल-मेमध्ये फळी तडकते. म्हणून पट्टीतलं मधलं भोक गोल, आणि टोकाकडची दोन भोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेनं लांबट. फळीत आधी 3 मिमीच्या ड्रिलनं भोक पाडायचं, आणि ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करायची, नाहीतर टोक वरून बाहेर येतं. करवत रेघेवर नाही, तर रेघेच्या टाकाऊ बाजूला.

येणारं सगळं असं मोकळ्या मनानं सांगणारी माणसं आहेत म्हणून ही कला पुढच्या पोरांपर्यंत पोचते. मजुरी विचारली तर तुम्ही “भुसा तेवढा झाडून जावा” म्हणालात. ज्यांनी पैसे मोजून घेतले त्यांनी याच्या निम्मंही सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतली आणखी काही पोरं येऊ का म्हणून विचारतायत. शेडमध्ये जागा होणार असेल तर निरोप द्या. रंधे आणि पटाश्या आम्ही धार लावूनच आणतो, आणि लाकूड या वेळी तुम्ही दाखवाल त्याच वखारीतून घेतो.

आपला ऋणी,
पोरांचा एक शेजारी, मंगळवार पेठ, कोल्हापूर